कौसाआक्का गावोगाव कशी पुरवायची

नगरहून परत आल्यापासून आमची कौसाआक्का दूध केंद्रावर रोज त्या प्रवासाची हकिकत सांगते. वाटेत आम्हाला एकच काळवीट दिसलं होतं, त्याचा तिच्या सांगण्यात आता कळप झाला आहे. आणि मोठ्या मॅडमनी तिला म्हणे हाताला धरून खुर्चीवर बसवलं. मी तिथंच फॅटच्या मशीनपाशी उभी असते. खरं काय झालं ते सांगावं असं फार वाटतं, पण चार बायका माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या की मला माझं नावसुद्धा आठवत नाही. म्हणून इथं लिहिते आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली. पुढं मुलांचा अभ्यास घेता घेता लिहायची गोडी लागली. हे कुणाला दाखवायचं नाही. पण माझ्यासारख्या, माहेर आणि सासर सोडून कुठं न गेलेल्या एखाद्या बाईच्या हाती पडलंच, तर तिला सगळं कळावं इतकं सोपं लिहिते.

आमचं गाव राहुरी तालुक्यात, कालव्याच्या कडेला. गावाच्या चौकात दुधाचं जुनं केंद्र आहे. त्याचे सचिव तात्या. ते नात्यानं माझे चुलत सासरे, त्यामुळं त्यांच्यासमोर मी कधी तोंड उघडलेलं नाही. त्या केंद्रावर आधी पुरुषांच्या किटल्या लागायच्या. आम्ही बायका पदर सावरत भिंतीला टेकून उभ्या राहायचो, आणि आमची पाळी येईपर्यंत घरी पोरांच्या शाळेची वेळ होऊन जायची. मग नगरच्या दूध संघानं एक नवीन मशीन करून बघायचं ठरवलं आणि ते आमच्या बायकांना, समाजमंदिराच्या बाजूच्या खोलीत, वेगळं केंद्र म्हणून दिलं. तात्यांना ते आवडलं नाही. "ह्यास्नी केंद्र न्हाई पायजे, गप्पा हानायला ओटा पायजे," असं ते येता-जाता म्हणायचे.

नवीन मशीन म्हणजे एक मशीन नाही. संघाचे संगणक बघणारे निखिल सर आहेत, त्यांनी ते आम्हाला पहिल्या दिवशीच समजावलं होतं. जुन्या संगणकात सगळी कामं एकाच पोटात होती. एक काम अडलं की सगळंच बंद. नव्यात प्रत्येक काम वेगळं काढलं आहे, त्याला ते सर्व्हिस म्हणतात. तोलाची एक. दूध घालणारी बाई कोण, ते सांगणारी नावाची एक. ती नगरला बसलेली. फॅट, म्हणजे दुधात लोणी किती ते, सांगणारी एक. बाईच्या मोबाईलवर निरोप धाडणारी एक. तोलाची सर्व्हिस बाकीच्या तिघींना विचारते, तिघींचं उत्तर आलं की हिरवा दिवा लागतो, मग पुढची किटली काट्यावर ठेवायची. मला ते लगेच पटलं. पंगतीला भाकरी थापणारी वेगळी, आमटीला फोडणी देणारी वेगळी, वाढणारी वेगळी, तसंच ते.

आमच्याकडे ते मशीन एकही दिवस अडलं नाही. म्हणून संघानं ठरवलं की आता ते जिल्ह्यातल्या सगळ्या गावांना द्यायचं. पण त्याआधी कर्जतकडच्या एका गावात चालवून बघायचं, आणि नगरला संघाच्या मोठ्या मॅडमसमोर बैठक घेऊन निर्णय करायचा. सगळीकडे चाललं तर ठेवायचं. नाही चाललं तर आमचंही काढून घ्यायचं, कारण एका गावासाठी एवढा पसारा कोण सांभाळणार. मशीन गेलं की खोली जाणार, आणि आम्ही पुन्हा चौकातल्या भिंतीला.

दाखवायला आमच्या केंद्रातल्या दोघी हव्या होत्या. आमच्या अध्यक्षबाईंची लेक बाळंतपणाला आलेली. कौसाआक्का, म्हणजे माझी थोरली जाऊ, लगेच म्हणाली, "मी जाते की! पन मला मशीनमधलं काय कळत न्हाई. मंदीला संगं घ्या. ती बोलत न्हाई, पन हात चालतो तिचा." मंदी म्हणजे मी. गावातलं जुनं केंद्र म्हणून तात्यांचंही मत हवं होतं. म्हणून तेही निघाले.

विळद घाट

संघाची जीप घेऊन शब्बीरभाई आले. हे नगरचे, संघात ड्रायव्हर. पुढं तात्या, मधल्या सीटवर मी, कौसाआक्का आणि दाराशी निखिल सर, मागं मशीनची खोकी. गाव सुटेपर्यंत आक्कानं शब्बीरभाईंना किती लेकरं, थोरली कुठं दिली, जावई काय करतो हे सगळं विचारून घेतलं. राहुरी मागं पडली तोवर त्यांच्या जावयाला कसला पगार मिळायला पाहिजे यावर तिचं मत सांगूनही झालं.

विळद घाट लागला आणि आक्का गप्प झाली. मला आधी वाटलं, डोंगर बघते आहे. मग तिनं पदर तोंडाला लावला. शब्बीरभाईंनी आरशात बघून गाडी कडेला घेतली आणि डॅशबोर्डातून लवंग काढून दिली.

"भाभी, दाढंखाली धरा. बोलू नका, लवंग गिळली जाईल."

तात्या मागं न वळता म्हणाले, "शब्बीरभाई, किती लवंगा हायेत तुमच्याकडं?"

"हायेत की, का हो तात्या?"

"समद्या द्या तिला."

मला हसू आलं ते मी खिडकीबाहेर टाकलं. नगर गाठेपर्यंत जीपमध्ये अशी शांतता होती की इंजिनाचा आवाजही मोठा वाटत होता. नगरात आम्ही मिसळ खाल्ली. आमच्याकडे मिसळीला शेव वरून चिमूटभर. इथं शेवेचा डोंगर आणि खाली मिसळ शोधायची. आक्कानं लवंग थुंकली आणि दुकानदाराला तर्री कशी करता ते विचारलं. तो म्हणाला, ते सांगायचं नसतं. आम्ही निघालो तेव्हा त्यानं सांगितलेलं होतं.

सोलापूर रस्त्याला लागलं की देश बदलतो. आमच्याकडे नजर जाईल तिकडे ऊस, मान वर केली तरी ऊस. इकडे नजर अडायलाच काही नाही. माळ, बाभळी, मधेच ज्वारीचं रान, आणि आभाळ केवढं तरी मोठं. कर्जत जवळ आलं तेव्हा रस्त्याच्या कडेला, कुसळांत, ते काळवीट उभं होतं. पाठ काळी, पोट पांढरं, शिंगं पिळाची. आमच्याकडे बघून घेतलं आणि दोन उड्यांत नाहीसं झालं. आक्का म्हणाली, "कसं बिनकामाचं सुख हाय बघ त्याला. ना धार काढायची, ना कुनाला घालायची."

कर्जतच्या पुढं

गावाचं नाव लिहीत नाही, त्यांना बरं वाटायचं नाही. केंद्राचे सचिव बबनराव, गळ्यात उपरणं, आणि घाई म्हणजे एवढी की आम्ही जीपमधून उतरायच्या आत त्यांनी पाणी, चहा आणि "चला, मशीन लावा" हे तिन्ही एका दमात केलं. त्यांच्या घरी आमची राहायची सोय होती. त्यांच्या बायकोच्या चुलीवरून असा काही वास आला की आक्का उंबऱ्यातच थांबली.

"ताई, हे काय शिजतंय?"

"शिपी आमटी. तुमच्याकडं न्हाई का करत?"

आमच्याकडे नाही करत. आक्का तिथंच चुलीपाशी बसली, आणि संध्याकाळचं दूध घ्यायला केंद्रावर मी, निखिल सर आणि तात्या एवढेच गेलो.

त्या गावात दूध घालायला पुरुष येतात. आणि ते असे येतात की जणू मागं रानाला आग लागली आहे. मोटारसायकल चालूच ठेवायची, किटली काट्यावर टेकवायची, उचलायची, गेले. राम राम नाही, गुरं कशी आहेत नाही. मी नमुना घेऊन फॅटच्या मशीनला लावते आहे तोवर पुढची किटली काट्यावर आलेली. हिरवा दिवा लागायच्या आधीच.

निखिल सर सांगत होते, "दादा, दिवा लागू द्या. हिरवा झाला की ठेवा."

"दिवा लागंल तवा लागंल," मागून कुणी म्हणालं, "म्हस काय दिवा बघून दूध देत न्हाई."

मला त्यांना थांबवायला पाहिजे होतं. मीच दाखवायला आलेली. पण ती सगळी परकी मोठी माणसं, आणि शेजारी तात्या हाताची घडी घालून उभे. माझ्या तोंडून "थांबा" एवढाही शब्द निघाला नाही. मी फक्त नमुने भरत राहिले.

मग निरोप गेले मोबाईलवर. सगळ्यांचं एकेक घर सरकलं होतं. याचं दूध त्याच्या नावावर, त्याची फॅट तिसऱ्याला. एका जर्सी गाईवाल्याला म्हशीची फॅट लागली. तो तर मोबाईल कपाळाला लावून म्हणाला, "ल्येका, ही गाय मी इकायला काढली हुती!" आणि ज्याची म्हैस होती त्याच्या नावावर पाणचट दूध. तो गाडी बंद करून परत आला. त्या दिवशी बंद झालेली ती पहिली गाडी.

"माझ्या म्हशीचं नाव घालवलंय ह्या मशीननं! बबनराव, ही तुमची राहुरीची पावनी मंडळी मशीन घिऊन आली का जादू?"

"मी दुरुस्त करतो, काळजी करू नका," निखिल सर म्हणाले.

"दुरुस्त कशाला?" जर्सीवाला म्हणाला. "बरोबर तर दाखवतंय."

थोडा वेळ तिथं फारच गोंधळ झाला. निखिल सरांनी सगळी नावं हातानं परत लावली. त्यांच्या कपाळावर घाम होता. ते मला म्हणाले, "मंदाताई, नावाची सर्व्हिस नगरहून उत्तर देते ना, तिला आज तुमचं गाव आणि हे गाव, दोन्ही एकाच वेळी विचारत होती. उत्तराला उशीर झाला, ही माणसं थांबेनात, आणि मागच्याचं उत्तर पुढच्या किटलीला लागलं. तुमच्याकडे हे का होत नाही, तेच मला कळत नाही. तिथंही तीच सर्व्हिस आहे." तात्या नुसते मिशीत समाधानी होते.

जेवण मात्र काय झालं! शिपी आमटी, बाजरीची भाकरी, बुक्कीनं फोडलेला कांदा. आमटी जिभेला लागली की आधी तिखट, मग आंबट, मग डोळ्यांतून पाणी आणि मग परत वाढून घ्यावीशी वाटते. आमच्याकडे पाहुण्याला गोड करतात. इकडे पाहुण्याला रडवतात, आणि पाहुणा आणखी वाढा म्हणतो. निखिल सर दुःखात असूनही तीन वाट्या प्यायले.

सकाळी आक्काही केंद्रावर आली. ती काट्याच्या शेजारी उभी राहिली आणि पहिली किटली टेकली तशी म्हणाली, "का वं भाऊ, गाडी चालू का ठिवली? पेट्रोल काय इहिरीतून काडता का?"

त्या माणसानं गाडी बंद केली.

"कुठली म्हस? मुऱ्हा का? मग चारा काय घालता? आन बायकू कुठं हाय तुमची? ती धार काडते, आन दूध मिरवायला तुमी?"

तो लाजला, हसला, मान खाजवत उत्तर द्यायला लागला. तोवर मी फॅट लावली, हिरवा दिवा लागला. दुसरा आला. त्याची सासुरवाडी राहुरीकडची निघाली, मग तर विचारायलाच नको. तिसऱ्याच्या गाईला पान्हा येत नव्हता, त्याला आक्कानं उपाय सांगितला. कालचा म्हशीवाला आला तो भांडायच्या तयारीनं. आक्का म्हणाली, "या या, तुमच्याच म्हशीचं कवतिक ऐकत हुते मी रातभर." तो विरघळला. एक निरोप चुकला नाही.

शेवटची किटली गेल्यावर बबनरावांनी घरातून नारळ आणून आक्काच्या हातात ठेवला. "बाईचा पायगुन हाय," ते म्हणाले. "मशीन मानूस वळखतं बघा."

निखिल सर कागदावर दोन ओळी काढून कधीचे बघत बसले होते. एक कालची, एक आजची. मला दिसत होतं. मला काल रात्रीच थोडं थोडं समजलं होतं, आता पुरतं समजलं.

परतीची वाट

जीपमध्ये सरांनी मला हळूच विचारलं. "मंदाताई, तुमच्या केंद्रावर दोन किटल्यांच्या मधे काय होतं? म्हणजे एक उचलली आणि दुसरी ठेवली, मधे?"

मधे काय होतं? मधे रखमाच्या सुनेला दिवस गेलेत का ते ठरतं. मधे कुणाच्या पोरीला पाहुणे आले, त्यांनी काय विचारलं, पोरीनं काय उत्तर दिलं, आणि आपण असतो तर काय दिलं असतं, हे सगळं होतं. बाई किटली काट्यावर ठेवते आणि कमरेवर हात ठेवते. तिचं सांगून झाल्याशिवाय किटली हलत नाही. मशीन उत्तराची वाट बघतं आणि बाई दुसरीच्या उत्तराची. दोघांचं एकदम होतं. इतके महिने मला वाटत होतं की दूध केंद्र म्हणजे सगळीकडे असंच.

पण हे सांगायचं कसं? पुढच्या सीटवर तात्या. "गप्पा हानायला ओटा पायजे" हे तेच म्हणत आले होते, आणि मी आता संघाच्या साहेबाला सांगायचं की होय, आम्ही गप्पाच मारतो, त्याच्यावरच तुमचं मशीन चालतं? बैठकीत ते निघालं की केंद्र गेलंच. आणि नाही सांगितलं तर मशीन का अडलं ते कळणार नाही, मशीन गेलं की केंद्रही गेलं. मी दोन्हीकडून विचार केला. दोन्हीकडून आम्ही भिंतीलाच टेकत होतो.

"काय नाही सर," मी म्हणाले. "किटली उचलतात, दुसरी ठेवतात."

आक्का लवंग दाढेखाली धरून झोपली होती. तिला विचारलं असतं तर तिनं सगळं सांगून टाकलं असतं. सर तिला उठवणार होते, पण तात्यांनी मागं हात करून खूण केली की राहू द्या.

नगर

संघाचं ऑफिस मोठं, फरशी अशी गुळगुळीत की मी चपला हातात घ्यायच्या का पायात ठेवायच्या या विचारात दारातच अडकले. बैठकीच्या खोलीत बाहेर ऊन असताना आत माघासारखी थंडी. खुर्च्यांना चाकं होती. आक्का बसायला गेली तशी खुर्ची मागं पळाली, आणि मोठ्या मॅडमनी तिला हाताला धरून सावरलं. हाताला धरून बसवलं हे एवढंच खरं आहे. मी खुर्चीच्या अगदी टोकावर, पाय रोवून बसले. समोर तात्या. मी पदर डोक्यावरून पुढं ओढला.

मॅडम चष्म्याच्या, केस पिकलेल्या, आवाज बारीक. निखिल सरांनी भिंतीवर चित्रं दाखवली. आमच्या गावात मशीन बरोबर, कर्जतकडे संध्याकाळी चूक, सकाळी बरोबर.

"सकाळी काय वेगळं होतं?" मॅडमनी विचारलं.

सर अडखळले. "सकाळी... कौसाबाई होत्या."

मॅडमना वाटलं त्या कुणी तंत्रज्ञ आहेत. मग सरांनी बबनरावांना फोन लावला आणि स्पीकरवर घेतलं. बबनराव म्हणाले, "मॅडम, मशीन ठिवा न्हाईतर न्या, आमचं काय म्हननं न्हाई. पन ती बाई ठिवून घ्या. आमच्या गावात मान्सं एकमेकास्नी बोलाय लागलीत."

मॅडमनी आक्काकडे पाहिलं. आक्का म्हणाली, "मी जायला तयार हाय, मॅडम. जिल्ह्यात कुठंबी. फकस्त सांच्याला धारंच्या येळंला घरी आनून सोडा."

"एका गावात मशीन चालतं आणि सगळीकडे चालवायचं तर प्रत्येक गावात एक कौसाबाई लागणार," मॅडम म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. "निखिल, हे मी वर कसं सांगू? मशीनं आपण विकत आणू. ह्या कुठून आणायच्या?"

"घडवत्यात कुठं आता अशा," तात्या पुटपुटले. मग नीट बसून म्हणाले, "मॅडम, माजं मत इचारलंय म्हनून सांगतो. हे काय सगळीकडं चालायचं न्हाई. आमच्या गावातलं बी काडून घ्या. बाया येतील चौकात, पयल्यासारख्या."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "मलाही तसंच वाटतंय. कारणच कळत नसेल तर पुढे न्यायचं कशाच्या जोरावर?"

टोपण लागल्याचा तो आवाज ऐकला आणि मला खोलीची भिंत दिसली नाही, चौकातली दिसली. मी उभी राहिले. खुर्ची मागं पळाली. मला वाटलं मी बोलते आहे, पण आवाज निघत नव्हता. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. मी तो हातात धरला, प्यायले नाही.

"आम्ही बोलतो," मी म्हणाले.

"काय?"

"दूध घालताना. बायका किटली काट्यावर ठेवतात आणि बोलतात. बोलून झालं की उचलतात. तेवढ्यात दिवा हिरवा होतो. कर्जतकडची माणसं बोलत नाहीत. सकाळी आक्कानं बोलायला लावलं, म्हणून झालं. तिचा पायगुण नाही. आमच्याकडं रोज असंच होतं, सगळ्याच बोलतात. मी सोडून."

मग तात्यांनी टेबलावर थाप मारली. "बगा! मी काय म्हनत हुतो? गप्पा! निस्त्या गप्पा!"

पण निखिल सर खुर्चीवरून उठलेच. "म्हणजे मशीन थांबतंय हे तिथं कुणाच्या लक्षातच आलं नाही! मला वाटायचं तुमच्याकडे नेटवर्क चांगलं आहे." ते मॅडमकडे वळले. "तोलानं बाकीच्यांसाठी थांबायलाच नको. तोलायचं, तिघींना निरोप टाकायचा आणि मोकळं व्हायचं. उत्तरं त्यांच्या सवडीनं येतील, प्रत्येक किटलीला तिचा नंबर लावला की ज्याचं त्याच्याच नावावर जाईल. शंभर गावं विचारोत, रांग थांबणार नाही."

थांबूच द्यायचं नाही, हे मला कधी सुचलं नसतं. मला फार तर सगळ्यांना बोलायला शिकवावं असं सुचलं असतं.

मॅडमनी टोपण काढलं. "करा. आणि त्याच कर्जतच्या गावात, कौसाबाई नसताना, चालवून दाखवा. तोवर कुठलंही मशीन काढायचं नाही." (ते सरांनी पुढं करून दाखवलं. तिथं आता गाडी बंद न करता दूध घालता येतं. बबनराव मात्र फोनवर आक्काचीच चौकशी करतात.)

मला वाटलं सुटलो. पण तात्या सुटू देणार नव्हते.

"मशीनचं झालं, मॅडम. पन मग आमच्या गावात दोन केंद्रं कशाला? मशीन एवडं पळनार म्हनता, तर चौकात एकच लावा. बायांच्या दुधाला असा कितीसा येळ लागनार?"

हे बोलणं सरळ होतं. मॅडमनी मान हलवली. "मुद्दा आहे," त्या म्हणाल्या आणि आक्काकडे वळल्या. "कौसाबाई, चौकात एकच मशीन लावलं तर तिथं तुम्ही बोलणं बंद कराल का?"

आक्काला प्रश्नच कळला नाही. "बंद? का? तिथं तर आनिक मान्सं असत्यात."

"मशीन नाही थांबणार," निखिल सर डोकं खाजवत म्हणाले, "पण बाई किटली उचलेपर्यंत काट्यावर दुसरी ठेवता येत नाही. त्याला माझ्याकडे काही उपाय नाही."

आक्का तोवर खुर्चीसकट तात्यांच्या शेजारी सरकली होती. चाकांचा उपयोग तिला आता कळला होता. "तात्या, बरं झालं बगा. रोज सकाळी भेट हुईल. तुमची ती धाकली लेक, तिच्या सासूचं गुडघं कसं हायेत? आन तुमी गोठ्यावर पत्रा टाकला, तो तिरपा का टाकला? मी कवाधरनं इचारीन म्हनते. आन सुताराचं बिल—"

तात्या मागं सरकले. त्यांच्याही खुर्चीला चाकं होती, आक्काच्याही. ते भिंतीपर्यंत गेले, तीही गेली. मी बघत होते. त्यांच्या डोळ्यांपुढं चौकातली सकाळ उभी राहिली असावी: काट्यावर किटली, किटलीवर आक्काचा हात, मागं गाड्या चालू ठेवून उभं असलेलं सगळं गाव.

"मॅडम," ते भिंतीला टेकून म्हणाले, "माजं मत बदलून लिवा. बायांचं केंद्र बायांकडंच असूं द्या. तिथंच, समाजमंदिराला. हालवायची काय सुदिक गरज न्हाई."

"नक्की?" मॅडम आता हसत होत्या.

"लई नक्की. आमच्या केंद्रात एक बाकडं पडून हाय, ते बी उद्या धाडून देतो. बसून बोला म्हनावं. पन तिथंच बोला."

मी पदर थोडा मागं घेतला. "तात्या," मी म्हणाले, "एक पुरायचं नाही."